उतरव म्हटलं ना!

एप्रिल २०१५. हवाईतल्या किलाउआ ज्वालामुखीत लाव्हाचं तळं काठोकाठ भरलेलं, काठावर बघ्यांची जत्रा. त्यात एका हौशी गड्याने ड्रोन उडवलं. हा ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानात, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत जून २०१४पासून ड्रोनला बंदी. रेंजरने दटावलं, गडी पळू लागला असं उद्यान प्रशासनाचं म्हणणं. मग काय, रेंजरने विजेचा झटका देणारा टेझर चालवून मालकालाच जमिनीवर उतरवलं!

बंदी उगाच नव्हती. बंदी आल्यावरही, ऑगस्ट २०१४मध्ये एका पर्यटकाचं ड्रोन यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या ग्रँड प्रिझमॅटिक या रंगीत उष्ण झऱ्यात बुडालं होतं.

पण उद्यानात ड्रोन उडवण्याच्या गुन्ह्याला शिक्षा ठरलेली आहे: ५,००० डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद. त्या यादीत विजेचा झटका कुठेच नाही.