बंद पडलेली गाडी आणि मुरगूडचा ठराव

मुरगूडला रेल्वे नाही. वेदगंगेच्या काठाला रूळ कधी आले नाहीत, आणि कोल्हापूर-वैभववाडी मार्ग मंजूर होऊनही अजून कागदावरच धावतो. त्यामुळे रेल्वेनं कसं चालावं याबद्दल आमच्याइतकं निःपक्षपाती मत दुसरीकडं मिळायचं नाही. स्टँडसमोरच्या चहाच्या गाड्यावर परवा विषय निघाला: मधेच बंद पडलेल्या पॅसेंजर गाडीचं काय करावं?

पहिली सूचना तालमीतनं आली. "धक्का मारायचा की! त्यात काय इचार करायचा?" मुरगूडात कुस्तीला मान आहे, त्यामुळं सूचना एकदम फेटाळता येईना. अठरा-वीस डबे आणि वर घाटाचा चढ, एवढं समजावून पैलवानाला दुसरा चहा पाजला, तेव्हा ती मागे घेतली गेली.

मग एका निवृत्त कंडक्टरांनी सूत्रं हातात घेतली. एसटी बंद पडली की ड्रायव्हर चाकाला दगड लावतो, कंडक्टर दारात उभा राहून पुकारतो, "पट्टा तुटलाय. मागनं गारगोटी गाडी येतीया, ह्याच तिकिटावर बसायचं. म्हातारी माणसं आदी." वेबिलावर नोंद झाली की विषय संपला. अर्ज नाही, नवं तिकीट नाही. "आणि मेन म्हंजे," ते म्हणाले, "माणसाला सांगायचं. सांगितलं की माणूस दम धरतोय."

रेल्वेचं नियमपुस्तक तसं कच्चं नाही. गाडी अडकली की इंजिनाचा उघडमीट करणारा दिवा लावायचा. गार्डानं (2022 पासून त्याला ट्रेन मॅनेजर म्हणायचं, शिट्टी तीच) मागं चालत जाऊन रुळावर फटाके लावायचे, 600 मीटरवर एक, 1200 मीटरवर तीन. मदतीचं इंजिन मागवायचं. म्हणजे गाडी उभी आहे हे मागच्या गाडीला कळतं, पुढच्या स्टेशनला कळतं, कंट्रोलला कळतं. गाडीत बसलेल्याला तेवढं कुणी सांगत नाही. तो खिडकीतनं डोकं काढून शेजारच्या डब्याला विचारतो, शेजारचा त्यालाच विचारतो.

2019 च्या 26 जुलैला रात्री मुंबईहून कोल्हापूरला सुटलेली आपली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. आत सुमारे 1050 माणसं. रेल्वेनं सांगितलं, खाली उतरू नका. बरोबरच होतं, खाली नदी होती. पण रात्रभर डब्यात ना खायला, ना प्यायला, अशी प्रवाशांची तक्रार राहिली. आसपासचे गावकरी मदतीला धावले, एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आलं, हेलिकॉप्टर आलं, आणि नऊ गरोदर बायकांसकट सगळे सुखरूप बाहेर निघाले. पुढं कल्याणहून कोल्हापूरला खास गाडीही सोडली. कुणाचा जीव गेला नाही. त्याची टिंगल करायची या सदराची छाती नाही. चिवड्याचं एक पाकीट आणि एक खरी बातमी रात्रीच डब्यात पोचली असती तर, एवढंच कंडक्टरसाहेबांचं म्हणणं.

पैशाचा हिशेबही झाला. आपल्या स्टेशनात गाडी तीन तासांहून जास्त लेट असेल आणि तुम्ही चढलाच नाहीत, तर रीतसर मागणी करून पूर्ण पैसे परत मिळतात. चढलात आणि मग माळावर चार तास बसलात, तर मिळतो तो फक्त निसर्ग. लखनौ-दिल्ली तेजस एक्सप्रेस सुरू झाली तेव्हा ती चालवणाऱ्या रेल्वेच्याच आयआरसीटीसी कंपनीनं तासाच्या वर उशिराला 100 आणि दोन तासांच्या वर 250 रुपये देऊ केले होते. म्हणजे प्रवाशाच्या वेळेला किंमत असते, हे रेल्वेच्या घरात कुणाला तरी ठाऊक आहे. फक्त ते जनरल डब्यापर्यंत चालत आलेलं नाही.

ठराव एकमतानं मंजूर झाला, पैलवानासह. पुणे विभागाच्या साहेबांनी वाचावा: गाडी थांबली की दर अर्ध्या तासानं डब्याडब्यातनं माणूस फिरवा. कशानं थांबली, कधी निघेल, पाणी कुठं मिळेल, एवढं त्यानं सांगावं. त्यालाही ठाऊक नसेल तर तसं सांगावं. "मला ठाऊक नाही" हे वाक्य आम्हाला नवं नाही, निवडणुकीनंतर पाच वर्षं तेच ऐकतो.