तळाचे अभय

चाकणच्या कारखान्यातील रात्रपाळी आटोपून, डोळ्यांवरची झापड सावरीत, मुळा नदीपलीकडच्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलात इमानाने हजेरी लावणाऱ्या फुटबॉलभक्तास २०१४-१५ च्या आय-लीगने न्यायशास्त्राचा अपूर्व धडा दिला. तेथे खेळणारा कल्याणी समूहाचा भारत एफसी गुणतक्त्याच्या तळाशी राहिला; परंतु थेट प्रवेशाच्या सनदेतच पदावनतीची माफी असल्याने शिक्षा भोगली ती त्याच्या वरच्या पायरीवरील, पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविणाऱ्या गोव्याच्या धेंपो संघाने. शेवटचा नंबर येऊनही खालच्या श्रेणीची धास्ती बाळगण्याचा हक्क ज्यास नाही, त्या समर्थकाने उसासे टाकावेत तरी कोणत्या सबबीवर? सुदैवाने हा पेच दीर्घकाळ टिकला नाही. त्याच वर्षी क्लबच बरखास्त झाला आणि अवनतीची शक्यता, संघासकट, कायमची रद्दबातल ठरली.