तिसरा मजला, उजवी बाजू

तिसरी घंटा झाली की पीटर्सबर्गच्या त्या ऑपेरागृहात दोन राज्यं सुरू होत. खाली वादकांच्या खड्ड्यात कंडक्टरचं, आणि वर तिसऱ्या मजल्याच्या उजव्या बाजूला आजींचं. कंडक्टर अधूनमधून बदलत.

आजी म्हणजे तिथल्या दारावरच्या बाई. तिकीट बघायचं, कार्यक्रमपत्रिका विकायची, दुर्बीण भाड्यानं द्यायची आणि उशिरा येणाऱ्याला आत सोडायचं नाही, एवढंच काम त्यांना नेमून दिलेलं असावं. बाकीचं त्यांनी आपणहून अंगावर घेतलेलं. गडद निळा कोट, घट्ट अंबाडा, गळ्याशी एक भलामोठा ब्रूच आणि पायांत घरून पिशवीत घालून आणलेले स्वच्छ काळे बूट. रस्त्यावरच्या बर्फातले बूट घेऊन ऑपेराला बसणं म्हणजे त्यांच्या लेखी चपला घालून देवघरात शिरणं. वय सत्तरीला टेकलेलं. पगार बेताचा, पेन्शन त्याहून बेताचं, आवाज मात्र कुठल्याही मजल्यावरून कुठल्याही मजल्यावर पोचणारा. अशा बायका रशियातल्या झाडून सगळ्या थिएटरांत सापडतात. व्यवस्थापन बदलतं, सरकार बदलतं, शहराचं नावसुद्धा बदलतं. या दाराशी असतात तिथेच असतात.

रशियन रीतीनं त्यांना नावापुढे वडिलांचं नाव जोडून हाक मारावी लागे. आम्ही मेडिकलची मराठी पोरं आपसात त्यांना आजी म्हणायचो. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

आम्ही तिथे संगीताच्या ओढीनं जात होतो असं कुणी समजू नये. गॅलरीचं तिकीट स्वस्त होतं, आत ऊब होती, आणि मध्यंतरात बुफेमध्ये पावाच्या कापावर लोणी आणि माशाची लाल अंडी लावून मिळत. एक तर ती खायची किंवा नुसती बघायची, हे महिन्याच्या तारखेवर अवलंबून. गोम होती ती जागेची. आमच्या तिकिटावर खांबामागची खुर्ची मिळायची. तिथून रंगमंचाचा डावा कोपरा आणि झुंबर दिसे. पण तिसऱ्या घंटेनंतर पुढच्या रांगांतल्या ज्या खुर्च्या रिकाम्या राहत, त्या आजींच्या मालकीच्या. त्या कुणाला द्यायच्या हे त्या ठरवत, आणि ठरवण्यापूर्वी तोंडी परीक्षा घेत.

प्रश्न एकच असे. 'येव्गेनी ओनेगिन'च्या दिवशी विचारायच्या, "तात्यानानं पत्र पाठवलं, ते बरोबर केलं का?" माझ्या नाशिकच्या मित्रानं अजाणतेपणी "कोण तात्याना?" असं विचारलं. त्याला त्या काही बोलल्या नाहीत. नुसतं बोटानं खांब दाखवला. दुसऱ्या एकानं पाठ करून आल्यासारखं चायकोव्स्कीचं जन्मसाल सांगितलं. तोही खांबामागे. तिसरा म्हणाला, "पत्र पाठवायला हरकत नव्हती, पण त्याच रात्री कशाला?" त्याला पहिली रांग.

रशियन ऑपेराशी माझी ओळख झाली ती अशी, खुर्चीच्या लोभानं. पुढे मी गोष्टी वाचून जाऊ लागलो, मग बाजू घेऊ लागलो, आणि एकदा बाजू घेतल्यावर गाणं कानात शिरायला वेळ लागत नाही. माझं ठाम मत आहे की ऑपेरा शिकवणाऱ्यांनी आधी सुरावटी समजावून घोटाळा केला आहे. आजी सुराबद्दल कधी बोलत नसत. "सूर काय, लागतो, नाहीतर सर्दी झालेली असते," एवढंच. त्यांना गायकानं माणूस ओळखलाय की नाही यात रस. झार बोरीस गोदुनोव करणारा एखादा धिप्पाड खर्जाचा गायक दुसऱ्या अंकात छान गाऊनही त्यांच्या मनातून उतरे. का? तर घड्याळाच्या प्रसंगात मेलेलं पोर कोपऱ्यात दिसतं तेव्हा तो प्रेक्षकांकडे बघत होता. "अपराधी माणूस प्रेक्षकांकडे बघेल? तो कोपऱ्याकडे बघेल, नाहीतर कोपरा सोडून सगळीकडे!"

बोरीसवर त्यांचा खटला कायमचा चालू होता. युवराज द्मित्री १५९१ साली उग्लिचला मरण पावला, त्यात बोरीसचा हात होता हे इतिहासकारांना सिद्ध करता आलेलं नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक. पण पुश्किननं लिहिलं, मुसोर्गस्कीनं त्याला चाल लावली, आता सुटका नाही. "पुराव्याअभावी सोडला असता," त्या म्हणत, "पण गाण्यात कबूल करून बसला ना." या ऑपेराची पहिली संहिता १८६९ ची. सरकारी नाट्यसमितीनं ती परत पाठवली, कारण तिच्यात नायिकेला म्हणून जागाच नव्हती. मुसोर्गस्कीनं पोलंडचा एक आख्खा अंक घातला, मारिना नावाची थंड डोळ्यांची महत्त्वाकांक्षी बाई आणली, आणि १८७४ साली ऑपेरा मारिन्स्की थिएटरात उभा राहिला. पोलंडचा अंक सुरू झाला की आजी कानाशी येऊन कुजबुजत, "बाई हवी होती ना समितीला? घ्या आता."

त्यांचा सगळ्यात मोठा अभिमान मात्र निराळा होता. ही सगळी थोर मंडळी नोकरी सांभाळून ऑपेरा लिहीत होती! दरबाराचा पैसा आणि लाड इटालियन गायकांना. ग्लिंकानं १८३६ साली 'झारसाठी प्राण' रंगमंचावर आणलं तरी पुढे कैक वर्षं रशियन मंडळी आपली पाटावरून उठवल्यासारखी कडेला. मग उरले कोण? मुसोर्गस्की सरकारी कारकून. रिम्स्की-कोर्साकोव आरमारातला अधिकारी. बोरोदिन रसायनशास्त्राचा प्राध्यापक, तोही मेडिकल अकादमीत. हे शेवटचं आमच्या कपाळावर रोज आदळायचं. परीक्षा आहे, उद्या येता येणार नाही, असं म्हणायची सोय नव्हती. "बोरोदिनला परीक्षा नव्हत्या? तो तर घेत होता!"

बोरोदिनची गोष्ट त्या सांगत तेव्हा त्यांचा चेहरा फुलायचा. प्रयोगशाळा, घरभर नातेवाईक, आजारी बायको, मांजरं, आणि या सगळ्यातून 'प्रिन्स इगोर' अठरा वर्षं रखडलेलं. आजारी पडून घरी राहिला तरच सुरांकडे वळायचा, म्हणून मित्र म्हणे त्याला 'बरा राहा' ऐवजी 'आजारी पड' असा आशीर्वाद द्यायचे. १८८७ साली एका मेजवानीत उभ्याउभ्या कोसळला आणि गेला. ऑपेरा अर्धवट. रिम्स्की-कोर्साकोव आणि ग्लाझुनोव यांनी तो पुरा केला आणि १८९० साली तो लोकांसमोर आला. मुसोर्गस्की ४२व्या वर्षी गेला, त्याचं 'खोवान्श्चिना'ही मागे पडलेलं. तेही रिम्स्कीनंच निस्तरलं. वर 'बोरीस'चं वाद्यलेखन स्वतःच्या चवीनं बदलून ठेवलं ते वेगळंच. याबद्दल आजींचं मत दर आठवड्याला पालटे. एका शनिवारी रिम्स्की देवमाणूस, पुढच्या शनिवारी लुडबुड्या.

'साद्को'च्या दिवशी मात्र माझी परीक्षाच होत नसे. त्या ऑपेरात नोव्हगोरोदच्या बंदरावर तीन परदेशी व्यापारी येऊन आपापल्या देशाचं गाणं म्हणतात. त्यांतला एक भारतीय. समुद्रातल्या मोत्यांचं आणि अगणित हिऱ्यांचं ते संथ, वळसे घेत जाणारं गाणं अतिशय गोड आहे आणि भारताशी त्याचा काडीचा संबंध नाही. रिम्स्की आरमारातून न्यूयॉर्क आणि रिओपर्यंत जाऊन आला होता, पण आपल्याकडे फिरकला नव्हता. आजींना त्याचं काय? "तुमचा माणूस आला," म्हणून त्या मला पुढच्या रांगेत बसवत, आणि गाणं संपलं की आजूबाजूच्या मंडळींकडे असं बघत की जणू ते मीच म्हटलं. सांगलीकडे हिरे पिकत नाहीत हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. खुर्ची चांगली होती.

'इस्पिकची राणी' बघून बाहेर पडलं की त्या घटनास्थळाचा पंचनामा करत. कारण ते सगळं त्यांच्याच गावात घडलेलं! लिझानं उडी टाकली तो हिवाळी कालवा थिएटरपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पुश्किनच्या गोष्टीत ही लिझा जीव देत नाही, चांगलं स्थळ बघून लग्न करते. चायकोव्स्कीच्या धाकट्या भावानं, मोदेस्तनं, संहिता लिहिताना तिला कालव्यात ढकललं. चायकोव्स्कीनं फ्लॉरेन्सला बसून ४४ दिवसांत संगीत पुरं केलं, तेवढ्यात त्याला भावाला आवरायला सवड मिळाली नसावी. मोदेस्तला आजींनी कधीच माफ केलं नाही. तिर्री, सत्ती, एक्का या तीन पानांपायी वेड्या झालेल्या हेर्मानबद्दल त्यांना काही वाटत नसे. "जुगारी तो जुगारी. पण त्या पोरीचं लग्न मोडायचं काय कारण?"

दुर्बीण घेणाऱ्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा. रशियात एक सोय आहे: दुर्बीण भाड्यानं घेतली की शेवटी कोट घ्यायला रांगेत उभं राहावं लागत नाही. त्यामुळे निम्म्या दुर्बिणी डोळ्यांपर्यंत जातच नाहीत. आजी दुर्बीण देताना प्रत्येकाला विचारत, "बघायला, का पळायला?"

त्यांच्या तरुणपणाचा सुगावा आम्हाला उशिरा लागला. पन्नाशीच्या दशकात त्या मॉस्कोत शिकायला होत्या आणि लेमेशेव या गायकाच्या टोळीत होत्या. बल्शोईचे दोन नामांकित टेनर, लेमेशेव आणि कोझलोव्स्की, आणि मुलींचे दोन तट. लेमेशेववाल्या पोरी थंडीत त्याची वाट बघत एका चीजच्या दुकानात दबा धरून बसत, म्हणून गावानं त्यांना चीजवाल्या असंच नाव ठेवलेलं. हा गृहस्थ पाचशेहून अधिक वेळा 'ओनेगिन'मधला लेन्स्की झाला आणि सत्तरीतही एकदा उभा राहिला. आजींपुढे कोझलोव्स्कीचं नाव काढणं म्हणजे थेट खांबामागे.

शेवटच्या वर्षी माझी आई मिरजेहून आली. तिचे वडील बालगंधर्वांचे भक्त, चुलते केशवराव भोसल्यांचे. १९२१ च्या संयुक्त 'मानापमाना'वरून दोघा भावांत पडलेली तेढ आई जन्मली तेव्हाही टिकून होती. तिला चीजवाल्यांची गोष्ट समजावून सांगायची गरजच पडली नाही. 'ओनेगिन' होतं. तिसऱ्या घंटेला आजींनी माझ्यामार्फत प्रश्न टाकला. आईनं जराही विचार न करता उत्तर दिलं, "पत्र लिहिलं ते लिहिलं. पण दाईच्या नातवाच्या हाती कशाला द्यायचं? गावभर नाही होणार?" आजींनी हे ऐकून घेतलं, पन्नास वर्षांत हा मुद्दा सुटला कसा अशा चेहऱ्यानं आईला हाताला धरून पहिल्या रांगेच्या मधोमध नेऊन बसवलं आणि स्वतः शेजारी टेकल्या. ड्यूटीवर बसायची मुभा नव्हती.

तात्यानाच्या बहिणीवरून, ओल्गावरून, ओनेगिनशी जुंपलेल्या द्वंद्वाआधी बर्फात उभा राहून लेन्स्की आपल्या सरलेल्या तारुण्याचं गाणं म्हणतो. ते संपलं आणि टाळ्यांच्या वर आईचा आवाज आला, "वन्समोअर!" आजूबाजूची मंडळी वळून बघू लागली. मी खुर्चीत खाली सरकलो. आजींनी मागे वाकून अर्थ विचारला, मी सांगितला, आणि त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बरोबर आहे. म्हणू दे पुन्हा. तो ओनेगिन नाहीतरी उशिराच येणार आहे."

भांडण लागलं ते शेवटी. तात्याना आता एका वयस्क सेनापतीची बायको आहे. ओनेगिन पायांशी लोळण घेतो, तिचं अजून प्रेम आहे, ते ती कबूलही करते, आणि त्याला घालवून देते. "बरं केलं," आई म्हणाली. आजी उसळल्या. "काय बरं केलं? जन्मभर रडत बसली!" एरवी मला 'तू' म्हणणाऱ्या आजी आईशी बोलताना एकदम 'तुम्ही'वर आल्या, म्हणजे प्रकरण गंभीर. जिना उतरताना मी भाषांतरात थोडं तूप घालून बघितलं. दोघींनाही संशय आला. कोट घ्यायच्या रांगेत पोचेपर्यंत आई सेनापतीची बाजू घेत होती, आजी लेन्स्कीच्या थडग्याची शपथ घालत होत्या, आणि मागची रांग मला कोट घेऊन बाजूला व्हायला सांगत होती. काउंटरपलीकडच्या बाईंनी माझा कोट खुंटीवरून काढला, पण हातातच धरून ठेवला.

"तुमचं दोघींचंही चुकतंय," त्या म्हणाल्या, "चूक सगळी ओल्गाची आहे." आणि दुर्बीणवाले आमच्या डोक्यावरून हात लांब करून आपापले बिल्ले नाचवत राहिले.