रिकाम्या स्लॉटचा मालक

सुरतच्या पांडेसऱ्यातला बजेटवाला गेमर ओळखायला त्याचा कॉम्प्युटर पाहावा लागत नाही. मेमरीचा विषय काढला की पुरे. धुळे, नंदुरबार, जळगावकडून सुरतेत आलेल्या घराची ही दुसरी पिढी. वडील लूमच्या खात्यात नाहीतर जीआयडीसीतल्या डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये, आणि हा एखाद्या कापड दुकानात बिलं काढायला. घरी कॉम्प्युटर येतो तो टॅली शिकण्यासाठी आणि बहिणीच्या अभ्यासासाठी. पण टॅलीला एवढा पंखा कशाला लागतो, हे विचारण्याइतका वेळ त्या घरात कुणालाच नसतो. मेमरीतलं त्याचं ज्ञान मात्र दांडगं. ३२०० वेगाची सीएल१६ आणि ३६०० ची सीएल१८ या दोन्हींची लेटन्सी शेवटी १० नॅनोसेकंदच भरते, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. डीडीआर५ ची खाच वेगळ्या जागी असल्यामुळे ती डीडीआर४ च्या बोर्डात बसत नाही, हे तर तो दुकानदारालाच शिकवून येतो. लुकलुकणाऱ्या रंगीत दिव्यांची मेमरीही तो घेत नाही. सुरतेत वाढलेल्याला चमक स्वस्तात कशी तयार होते ते ठाऊक असतं. एवढं सगळं करून हा विद्वान ८ जीबीची एकच स्टिक घेतो आणि म्हणतो, ‘दुसरी नंतर टाकू.’

माझा आक्षेप आहे तो या ‘नंतर’वर. गावाकडच्या घरावर वरच्या मजल्यासाठी सळया सोडून ठेवतात, तसा हा मदरबोर्डवर एक स्लॉट सोडून ठेवतो. सळया गंजल्या तरी खाली झोपणाऱ्याचं काही अडत नाही. रिकामा स्लॉट मात्र रोज अडवतो. ३२०० च्या एका स्टिकमधून सेकंदाला फार तर २५.६ जीबी माहिती जाते. दोन स्टिका दोन चॅनेलवर लावल्या की तीच मर्यादा ५१.२ वर जाते. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर हा फरक पुष्कळदा सोसता येतो. पण आपल्या माणसाकडे कार्ड नसतं. तो रायझन ५ ५६००जी घेतो, आणि त्यातल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसल्यामुळे तेही याच एका स्टिकवर जेवायला बसतं. चित्रासाठी २ जीबी बाजूला काढले की विंडोज, ब्राउझर आणि गेम यांना उरतात ६. व्हॅलोरंटसारखा हलका गेम त्यात निघून जातो. जड गेममध्ये मात्र गाडी वळणावर येते आणि रस्ता मागाहून येतो. दुःखाची गोष्ट वेगळीच: ३२०० चा वेग हवा म्हणून त्याने दुकानात दोनशे रुपयांसाठी तासभर घासाघीस केलेली असते, पण बायोसमध्ये जाऊन तो वेग देणारं एक्सएमपी चालू करायचं राहून जातं. मग तीच स्टिक पुष्कळदा २१३३ किंवा २४०० वर चालत राहते.

यावर त्याचं पहिलं उत्तर असतं, ‘पैसेच तेवढे होते.’ हे उत्तर खोडता येत नाही. टप्प्याटप्प्याने घेणं ही पांडेसऱ्यातली आळशी सवय नव्हे. आधी भाड्याची खोली, मग पत्रा, मग स्लॅब, अशीच तिथली घरं उभी राहिली. पण खिशात ८ जीबीचेच पैसे असतील, तर ४ च्या दोन स्टिका घेण्यापेक्षा ८ ची एक बरी, एवढंच त्या उत्तरातून निघतं. १६ परवडत असताना एकच स्टिक घेण्याचं समर्थन निघत नाही. दुसरं उत्तर जास्त हुशारीचं: स्वस्त बोर्डावर स्लॉट दोनच, ते ८-८ ने भरले तर उद्या ३२ कसे करणार? खरं आहे, तेव्हा दोन्ही विकाव्या लागतील. पण चालू स्थितीतल्या जुन्या मेमरीला गिऱ्हाईक मिळतं, आणि ‘उद्या ३२’ म्हणणाऱ्याचा उद्या बहुधा कॉम्प्युटरच बदलण्याच्या वेळी उगवतो. शिवाय नंतर आणलेली स्टिक दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या वेगाची निघाली, तर जोडी सहसा तिच्यातल्या मंद गड्याच्या चालीने चालते, आणि कधी कधी एक्सएमपी लावल्यावर चालतच नाही.

राहिला त्याचा सगळ्यात मोठा भरवसा: इलेक्ट्रॉनिक वस्तू पुढे स्वस्तच होते. पण २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी भराभर उचलली आणि भाव भडकले. डिसेंबरमध्ये तर मायक्रॉनने क्रुशियल हा घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. याच मायक्रॉनने चिपांच्या जुळणी-चाचणीसाठी गुजरातेतलं साणंद निवडलेलं; पण कारखाना शेजारी असला म्हणून भाव शेजारधर्म पाळत नाही. ज्याने आधीच दोन स्टिका घेतल्या, तो आता पांडेसरा हाउसिंगच्या नाक्यावर आपलं जुनं बिल दाखवत फिरतो. आपला माणूस ते बिल निरखून पाहतो, ‘कितलाले भेटनं भो?’ विचारतो, आकडा ऐकून मान हलवतो आणि भाव उतरले की घेऊ म्हणतो.