बहात्तर चाचण्या आणि एक वजाबाकी

लघवीचा रंग फिकट पिवळा असल्याचा निर्णय देण्यास शास्त्राचे साहाय्य लागते, ही गोष्ट आमच्या डोक्यावरील केसांचा रंग पूर्ण पांढरा होईपर्यंत आम्हांस कोणी सांगितली नव्हती. आमच्या शेजारच्या निवृत्त गृहस्थांना त्यांच्या पुणेकर चिरंजीवांनी एकसष्टीनिमित्त शाल-श्रीफळाऐवजी जी ‘संपूर्ण शरीर तपासणी’ अर्पण केली, तिच्या अहवालाच्या अकराव्या पानावर ‘रंग : फिकट पिवळा’ असा शेरा असून त्याच्या बरोबर खाली ‘स्वरूप : स्वच्छ’ असा दुसरा शेरा आहे, आणि ज्या बहात्तर चाचण्यांची जाहिरात पाहून चिरंजीवांचे पितृप्रेम उचंबळून आले, त्या बहात्तरांत हा रंग एक आणि ही स्वच्छता दुसरी, अशी त्यांची रीतसर गणना झालेली आहे. आमच्या वाडवडिलांच्या अंगी फार तर बहात्तर खोडी असत. चाचण्या बहात्तर असाव्यात, ही प्रगती या पिढीची.

केंद्राचे वर्णन करण्याचे कारण नाही. तशी केंद्रे यवतमाळात आहेत, वणीला आहेत, पुसदला आहेत, आणि ज्या गावी अद्याप नाहीत त्या गावी सकाळी सहाच्या सुमारास दुचाकीवर पेटी बांधून येणारा तरुण आहे. तो दंडाला पट्टा आवळतो, तीन नळ्या भरतो, एक डबी हातात देतो आणि ‘काका, चहा घेतला नाही ना?’ एवढे विचारून पुढच्या घरी जातो. चहावाचून काकांचा स्वभाव त्या घटकेला कसा झालेला असतो, याची चाचणी मात्र बहात्तरांत नाही.

आता हे काका उभी हयात कोषागारात देयके तपासण्यात घालवून निवृत्त झालेले. देयकाची बेरीज बिनचूक असली तरी शिक्का तिरपा का पडला, एवढ्या सबबीवर ते आक्षेपासह परत पाठविण्यात त्यांचा हात धरणारा अंमलदार साऱ्या जिल्ह्यात नव्हता. त्यामुळे अहवाल हाती येताच, प्रकृतीची चिंता करण्यापूर्वी, त्यांनी लाल पेन्सिल काढली आणि बहात्तर कलमांचा पडताळा आरंभिला. प्रथम त्यांना असे आढळून आले की एकूण कोलेस्टेरॉल १९०, त्यांपैकी ‘चांगले’ म्हणून ज्याचा लौकिक आहे ते ४५, आणि ट्रायग्लिसराइड १५०, एवढी तीनच मोजमापे प्रयोगशाळेने प्रत्यक्ष केलेली असून पुढील पाच कलमे ही या तिघांचीच संतती आहे : दीडशेला पाचाने भागले की ३० येतात, हे एक कलम, एकशे नव्वदांतून पंचेचाळीस गेले की १४५ उरतात, हे दुसरे, त्यांतून मघाचे तीस पुन्हा काढले की ११५, हे तिसरे, आणि मग एकशे नव्वदांस व एकशे पंधरांस आळीपाळीने पंचेचाळीसांनी भागून जी दोन गुणोत्तरे निघतात, ती चौथे आणि पाचवे. मूत्रपिंडाच्या सदराखाली युरिया आहे. त्याच युरियाला २.१४ने भागून, नवे नाव देऊन, दुसऱ्या ओळीत पुन्हा उभा केला आहे. आणि नंतर या दोन्ही नावांना निरनिराळे क्रिएटिनीनने भागून आणखी दोन ओळी उठविल्या आहेत. पांढऱ्या पेशींचे पाच प्रकार आधी शेकड्यांत मोजून झाल्यावर, तेच शेकडे एकूण पेशींच्या संख्येत बसवून पाच कलमांची दहा केली आहेत. लघवीच्या पानावर तर एका कागदी पट्टीवरील दहा चौकोन एकदाच त्या डबीत बुडवून, ‘नाही’, ‘नाही’, ‘आढळले नाही’, अशा नकारांच्या ओळींवर ओळी लावलेल्या, आणि प्रत्येक नकार म्हणजे एक चाचणी. कित्येक आकड्यांपुढे बारीक अक्षरांत ‘परिगणित’ असे प्रामाणिकपणे छापलेलेही आहे. शेतात पाऊल न टाकता चावडीत बसून काढलेल्या आणेवारीचा आमच्या जिल्ह्याला पिढीजात परिचय असल्यामुळे, देहाची आणेवारीही अशीच निघते हे पाहून आम्हांस विशेष धक्का बसला नाही. परंतु आमच्या शेजाऱ्यांचा संताप अनावर झाला. ‘असे देयक माझ्याकडे आले असते,’ ते म्हणाले, ‘तर एकच प्रवास तीन ठिकाणी लावल्याबद्दल मी लेखी खुलासा मागविला असता!’

हा संताप सायंकाळपर्यंतच टिकला, कारण तोवर त्यांची दृष्टी तारांकित कलमावर गेली होती.

तारा होता ग्लोब्युलिनवर. ग्लोब्युलिन ३.६, कमाल मर्यादा ३.५, आणि आकडा ठळक टाइपात. आता हे ग्लोब्युलिन कोणी मोजले नव्हते. रक्तातील एकूण प्रथिने मोजली, ती ७.८ भरली व मर्यादेत होती. अल्ब्युमिन मोजले, ते ४.२ भरले व तेही मर्यादेत होते. एकातून दुसरे वजा केले, आणि दोन निर्दोष आकड्यांच्या पोटी हा तारांकित अपराधी जन्माला आला. ज्यांनी दुपारी हीच वजाबाकी लाल पेन्सिलीने अधोरेखित करून ‘निरर्थक’ असा शेरा मारला होता, त्याच गृहस्थांनी रात्री दोनपर्यंत आपल्या यकृताविषयी, अस्थिमज्जेविषयी आणि इच्छापत्राविषयी चिंतन केले. दुसऱ्या दिवशी केंद्रातून एका मधुर कंठाच्या बाईंचा फोन आला. ‘सर, घाबरण्यासारखं काही नाही’ या वाक्याने आरंभ करून त्यांनी घाबरण्यासारखे पुष्कळ काही असू शकते हे सूचित केले आणि एकशे दहा चाचण्यांचा प्रगत संच सुचविला, ज्यात ग्लोब्युलिनची वजाबाकी पुन्हा एकदा, अधिक चांगल्या कागदावर, करून मिळणार होती. मग नागपूर झाले. नागपूरच्या डॉक्टरांनी अहवालाची चौदा पाने बाजूस सारून गृहस्थांची जीभ पाहिली, पोट दाबले आणि ‘तुम्हाला होतं काय?’ असे विचारले. यावर आमचे शेजारी निरुत्तर झाले. त्यांना काहीच होत नव्हते, आणि ते सांगण्यासाठी ते दीडशे किलोमीटर आले होते.

या ताऱ्यांचे खगोलशास्त्र साधे आहे. निरोगी माणसांच्या समूहातील मधल्या शेकडा पंच्याण्णवांचे आकडे ज्यात बसतात तो पट्टा ‘सामान्य’ ठरतो, म्हणजे उरलेले शेकडा पाच निरोगी लोक प्रत्येक चाचणीत केवळ व्याख्येनेच पट्ट्याबाहेर पडतात. अशा परस्परनिरपेक्ष वीस चाचण्या एकाच धडधाकट माणसावर केल्या, तर निदान एक तरी तारा त्याच्या पदरी पडण्याचा संभव शेकडा चौसष्ट होतो. बहात्तरांतून ज्यास एकही तारा मिळाला नाही, त्याने खरे तर चिंता करावी. २०१२ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी अशा सरसकट तपासण्यांच्या निरनिराळ्या चाचणीप्रयोगांतील १,८०,०००हून अधिक प्रौढांचा जमाखर्च एकत्र मांडला, तेव्हा तपासले गेलेले आणि न तपासले गेलेले यांच्या मृत्यूच्या प्रमाणात अंतर सापडले नाही. अर्थात तारा मिळाल्याचा आनंद कोणत्या बाजूला अधिक होता, याची नोंद त्यात नाही.

पांढरकवड्याकडील एका गावी या संचाचे सवलतीच्या दराचे शिबिर भरले असता आम्ही केवळ कुतूहलाने गेलो होतो. तेथे एका वृद्ध शेतकऱ्यास त्याचा अहवाल वाचून दाखविला जात असता, ‘रंग फिकट पिवळा’ हे शब्द ऐकून तो म्हणाला, ‘रंग तं म्याच पाह्यला जी सकायी; तुमी पैसे कायचे घेता?’ हे बोलताना त्याचे तोंड उघडले आणि त्यातील दात आम्हांस दिसले. तेही पिवळे होते. त्यांवर तपकिरी पट्टे होते. आमच्या जिल्ह्यात कित्येक गावांच्या विंधन विहिरींना फ्लोराइडचे पाणी लागते. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही त्याची सोसण्याजोगी कमाल मर्यादा, आणि ती वर्षानुवर्षे ओलांडली गेली म्हणजे आधी दात व पुढे सांधे त्याची साक्ष देतात. बहात्तर चाचण्यांच्या यादीत लघवीचा पिवळा रंग आहे. दातांचा पिवळा रंग, जो पाहण्यास डबीही लागत नाही, तो नाही. आणि मौज अशी की साखरेसाठी राखी झाकणाची जी नळी भरतात, तिच्या तळाशी साखर टिकून राहावी म्हणून फ्लोराइडचीच पूड घातलेली असते. म्हणजे फ्लोराइड त्या शिबिरात हजर होते. ते नळीत होते, हातपंपात होते, म्हाताऱ्याच्या हाडांतही बहुधा होते; फक्त यादीत नव्हते. सिकलसेलचेही तसेच. आमच्या भागात तो विकार पिढ्यान्‌पिढ्या रक्तातून उतरत आला आहे, त्याची प्राथमिक तपासणी स्वस्त आहे, तरी ती संचात नाही. पण तीन महिन्यांच्या साखरेचा जो आकडा सिकलसेलच्या रक्तात फसवा निघू शकतो, तो संचात आहे, आणि त्या फसव्या आकड्याला गुणून-वजा करून काढलेली ‘सरासरी साखर’ ही आणखी एक चाचणी म्हणून आहेच.

येथवर हसणे शक्य होते. २०१७च्या पावसाळ्यात या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे मेली आणि शेकडो इस्पितळात पडली. पाठीवर पंप, अंगात सुती सदरा, तोंडाला दुपट्टा आणि डोक्याच्या वर गेलेली कपाशी, असे ते लोक होते. त्यांच्यात रोजंदारीचे मजूर पुष्कळ होते. मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस ज्या वर्गात मोडतात त्या वर्गाची औषधे रक्तातील कोलिनेस्टरेज नावाच्या विकराला निकामी करतात, आणि ते किती उरले आहे हे साध्या रक्ततपासणीने कळते. परंतु त्याचे मूळ प्रमाण माणसागणिक फार वेगळे असल्याने नुसता नंतरचा आकडा अर्धेच सांगतो. हंगामापूर्वी, माणूस धडधाकट असतानाच, त्याचा स्वतःचा आकडा नोंदवून ठेवावा लागतो. कॅलिफोर्नियात ही विषे हाताळणाऱ्या शेतमजुरांसाठी अशी नियमित तपासणी १९७४पासून बंधनकारक आहे. म्हणजे धडधाकट प्रौढ माणसाला रांगेत उभे करून त्याचे रक्त काढण्याला यवतमाळ जिल्ह्यात जर कोठे खरोखर अर्थ असेल, तर तो येथे आहे. आणि ज्या यादीने एका युरियाचे चार केले, जिने ‘नाही’ला किंमत लावली, त्या यादीत ही चाचणी नाही! एकशे दहांच्या संचातही आम्हांस ती सापडली नाही. का नाही, हे विचारण्यात अर्थ नाही, कारण उत्तर उघड आहे : फवारणी करणाऱ्याचा मुलगा पुण्याला संगणकापुढे बसलेला नसतो. तो त्याच शेतात, दुसऱ्या तासाला, दुसरा पंप घेऊन असतो.

आमच्या शेजाऱ्यांचे दारव्ह्याकडे आठ एकर आहे. ते सालदार पाहतो. ऑगस्टात तो घरी आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, आणि त्याला गरगरते आहे हे ऐकून शेजाऱ्यांनी त्यास लिंबूपाणी देवविले, ही वस्तुस्थिती आहे. त्याच महिन्यात ते स्वतः ग्लोब्युलिनसाठी नागपूरला दुसऱ्यांदा जाऊन आले.

तपासणीच्या विरुद्ध आमची तक्रार नाही. रक्तदाब मोजावा, तिशीनंतर साखर पाहावी. ही दोन्ही कामे गावच्या उपकेंद्रात विनामूल्य होतात, आणि त्यांसाठी चौदा पानांची गरज पडत नाही. आमचा अर्ज पुण्या-मुंबईच्या चिरंजीवांकडे आहे. येत्या वर्षी वडिलांच्या देहाची वजाबाकी करविण्याऐवजी त्याच रकमेत वडिलांच्या शेतात फवारणी करणाऱ्या माणसाचे कोलिनेस्टरेज मोजून घ्यावे. ते दोनदा मोजावे लागते : एकदा मृगापूर्वी, पंप खांद्यावर चढण्याआधी, आणि एकदा ऐन हंगामात. त्यासाठी रिकाम्या पोटी यावे लागत नाही.