वीस सेकंद

पहाटे पाचला आष्टी-कडा रस्त्याच्या कडेनं भरतीची पोरं पळतात. आधी पावलांचा आवाज येतो, पोरं नंतर दिसतात. मागच्या आठवड्यात त्याच कडेला, एका बाभळीच्या बुडाशी, मला औषधाची बाटली सापडली. अंगठ्याएवढी काच, रबरी बूच, बुचाला सुईची चार भोकं. लेबल दवानं भिजलेलं, पण नाव वाचता येत होतं. मेफेंटरमाइन.

हे औषध भूल देणाऱ्या डॉक्टरच्या ट्रेमध्ये असतं. सिझेरियनसाठी मणक्यात भूल दिली की कधी कधी बाईचं बीपी झपकन खाली येतं. ते वर आणायला ही सुई देतात. शेजारी मॉनिटर चालू असतो, डॉक्टर उभा असतो. बाभळीखाली यातलं काहीच नसतं. धडधाकट पोराच्या अंगात हे औषध गेलं की काळीज धावू लागतं आणि आपण थकलोय हे पोराला कळत नाही. दमलो, थांब, असं सांगणारा राखणदारच कामावरून काढून टाकायचा आणि मग जनावरासारखं पळायचं. याची सवयही लागते. पुण्यात, सांगलीत जिममधल्या पोरांना हेच औषध विकणाऱ्यांना पोलिसांनी पकडलं आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत ते स्पर्धेच्या काळात बंदी असलेलं उत्तेजक आहे. बाभळीखाली मात्र त्याचं नाव ‘ताकदीचं इंजेक्शन’.

एक पोरगा गुडघ्यांवर हात टेकून दम घेत होता. त्याला बाटली दाखवली. त्यानं नजर फिरवली नाही.

“सगळेच घ्यायलेत, काका. मागच्या खेपेला माझं दोन मार्कानं गेलं.”

आईबाप कुठं आहेत, विचारलं. कारखान्यावर, म्हणाला. उचल घेऊन दिवाळीनंतर गेले ते पाडव्याच्या आसपास येतील. त्या उचलीतलेच पैसे भरतीच्या अकॅडमीच्या फीला गेलेत.

दोन मार्कांचा हिशेब सांगतो. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यातले २० गुण १६०० मीटर धावण्याचे. ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आलात तर वीसपैकी वीस. त्याहून वीस सेकंद उशीर झाला की दोन गुण गेले. २०२४ साली १७ हजारांवर जागांसाठी १७ लाखांवर अर्ज आले होते. इतक्या गर्दीत दोन गुणांनी गावातलं एक घर उभं राहतं किंवा पुन्हा उसाच्या फडात जातं. म्हणून वीस सेकंदांना भाव आला आहे, आणि ते विकणाराही आला आहे.

याच आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं वीस सेकंद कसे मिळवले, ते या पोरांना कुणीतरी नीट सांगायला हवं. विटभट्टीवर आणि शेतात राबणाऱ्या आईबापांचा हा मुलगा सैन्यात गेला, सियाचीनच्या बर्फात राहिला आणि मग धावायला लागला. २०१८ साली भुवनेश्वरला त्यानं ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं २९.८० सेकंदांत पळून गोपाल सैनींचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. जुलै २०२४ मध्ये पॅरिसला त्याची वेळ ८ मिनिटं ९.९१ सेकंद होती. वजाबाकी करा. १९.८९ सेकंद. वीस सेकंद कमी करायला जवळजवळ सहा वर्षं लागली. मधे २०२२ साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुलचं सुवर्ण सेकंदाच्या पाच शतांशांनी हुकलं आणि रौप्य हाती आलं.

अकॅडमीच्या बोर्डावर साबळेचा फोटो असतो. त्याच बोर्डाखाली पोरांना वीस सेकंद पंधरा दिवसांत मिळवून देतो म्हणणारे बसतात. तो फोटो त्यांनी काढून ठेवावा.

भरतीतल्या गोळाफेकीसाठी आणि तालमीतल्या पोरांसाठी दुसरा माल आहे. नँड्रोलोन, स्टॅनोझोलोल. अंग महिन्याभरात भरतं, हे खरं आहे. पुढचं सांगत नाहीत. बाहेरून संप्रेरक आलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. अंडकोष आकसतात, शुक्राणू घटतात, गोळ्यांनी यकृत सुजतं, हृदयाचा स्नायू जाड होतो. वाढीच्या वयात घेतलं तर हाडांची वाढ लवकर थांबते. पोरगा भरती होतो, लग्न होतं, आणि दोन वर्षं पाळणा हलत नाही. आपल्याकडे मग तपासणीला आधी सुनेला नेतात. नवस तिनं बोलायचे, उपास तिनं करायचे. आणि त्या सुईचं नाव घरात कुणाला ठाऊकही नसतं.

पाटोद्याच्या राहुल आवारेनं २०१८ साली राष्ट्रकुलचं सुवर्ण आणि पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेचं कांस्य आणलं. बीडच्या पोरांना कुस्ती शिकायला इतकं उदाहरण पुरे आहे.

नरसिंग यादवचंही सांगायला हवं. तीनदा महाराष्ट्र केसरी, राज्य पोलिसांत अधिकारी. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकआधी त्याच्या नमुन्यात मेथँडायनोन सापडलं. खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळलं, असं तो सांगत राहिला. देशातल्या समितीनं त्याला मोकळं केलं, पण कुस्तीच्या तोंडावर, १८ ऑगस्टला, क्रीडा लवादानं चार वर्षांची बंदी घातली. नियम सरळ आहे : अंगात सापडलं की जबाबदारी खेळाडूची. नियम कडक आहे आणि मला तो मान्य आहे, नाहीतर प्रत्येक जण दुधावर ढकलून मोकळा होईल.

पण मग सगळी कडकपणाची मात्रा एकाच अंगावर का? वरच्या पातळीच्या खेळाडूला रोजचा एक तास लिहून द्यावा लागतो, आज मी अमुक वेळी अमुक ठिकाणी असेन. बारा महिन्यांत तीनदा सापडला नाही तर बंदी. सुई विकणाऱ्याला असा एक मिनिटाचाही हिशेब कुणी मागत नाही. चिठ्ठीशिवाय ही औषधं विकायची नाहीत असा कायदा आहे. तरी बाटली बाभळीपर्यंत पोचते. अकॅडमीवाले कानावर हात ठेवतात, मेडिकलवाला म्हणतो गिऱ्हाईकानं मागितलं, आणि गावातला जाणता माणूस म्हणतो, पोरगं नोकरीला लागतंय ना, जाऊ द्या.

जाऊ देऊन कुठं पोचलो ते पाहा. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२४ च्या आकड्यांत भारताचे ७,११३ नमुने तपासले गेले आणि २६० दोषी निघाले. पाच हजारांहून जास्त नमुने तपासणाऱ्या देशांत सगळ्यात वाईट प्रमाण आपलं. त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत तपासनीस येणार म्हणताच शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच धावपटू उभा राहिला. स्वच्छतागृहात सुया पडलेल्या होत्या. एक स्टीपलचेसवाली मुलगी शर्यत संपली तरी थांबली नाही, तपासनीस मागं आणि ती पुढं. साबळेचीच शर्यत ती. ही बातमी वाचताना मला लाज वाटली, आणि त्या मुलीची दयाही आली. कोणीतरी मोठ्या माणसानं तिला सुई दिली असणार आणि पळण्याच्या वेळी ती एकटीच पळत होती.

रायगडच्या पोलीस भरतीत जानेवारी २०२३ मध्ये उमेदवारांकडे उत्तेजकं आणि सुया सापडल्याच्या बातम्या आल्या होत्या. तेव्हापासून एक साधी मागणी आहे. धावण्याच्या दिवशी मैदानावर चिठ्ठ्या टाकून काही पोरांची लघवी तपासा. सगळ्यांची नको, ते परवडणार नाही. पण कुणाचाही नंबर येऊ शकतो एवढं कळलं तरी पहाटेची बाभूळ रिकामी होईल. आणि दोषी पोरगा सापडला की त्याला घरी पाठवण्याआधी विचारा, कुणी दिलं? त्या उत्तराच्या मागं चालत जा. आज पोराला बाद करून कागद मिटवतात आणि विकणारा पुढच्या बॅचची वाट बघत तिथंच बसलेला असतो.

त्या पोराला मी बाटली परत दिली नाही. “काका, सरांना सांगू नका,” एवढंच तो म्हणाला आणि पुढच्या घोळक्यात मिसळून पळत गेला. त्याचं नाव मी विचारलं नाही, विचारणारही नाही.

बाटली मात्र जपून ठेवली आहे. लेबल भिजलंय, तरी बॅच नंबर शाबूत आहे. त्या नंबरावरून माल कंपनीतून कुठल्या घाऊक विक्रेत्याकडे गेला आणि तिथून कुठल्या दुकानात उतरला, हे कागदावर शोधता येतं. सोमवारी बीडला जाऊन ती औषध निरीक्षकाच्या टेबलावर ठेवणार आहे, आणि त्याची पोच घेऊनच परत येणार आहे.