सर्वेक्षक गेटवर, डिलिव्हरी घरात

नवी मुंबईतल्या एखाद्या टॉवरच्या गेटवर अर्धा तास उभं राहा, समाजशास्त्राचं पुस्तक विकत घ्यायची गरज उरत नाही. कोथिंबिरीची जुडी घेऊन आलेला पोरगा हेल्मेटसकट सरळ लिफ्टमध्ये शिरतो. एसीवाला रजिस्टरात सही ठोकून त्याच्या मागोमाग जातो. आणि महिन्याला तेल किती लागतं हे विचारायला आलेला राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचा माणूस, गळ्यात ओळखपत्र घालून, वॉचमनशी क्रिकेटच्या गप्पा मारत ताटकळतो. इंटरकॉमवर उत्तर येतं, "साहेब घरी नाहीत." साहेब तीन वर्षं घरूनच काम करतात.

माणसं काय खातात, काय घेतात हे विचारणं हा आपल्याकडचा जुना उद्योग. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसनं कामगारांच्या घरखर्चाचा अहवाल १९२३ साली छापला. त्यात निघालं काय, तर कामगाराच्या पोटात जाणारं धान्य मुंबईच्या तुरुंगातल्या शिध्याहूनही कमी! निदान तेव्हा विचारायला गेलेल्याला चाळीत दार उघडं मिळायचं. पुढे अशाच घरखर्चाच्या आकड्यांवरून पुण्यात दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचा हिशेब मांडला. २०११ मध्ये नियोजन आयोगानं सुप्रीम कोर्टात शहरी माणसाला दिवसाला ३२ रुपये पुरतात असं सांगितलं आणि देशभर शिव्या खाल्ल्या. २०१७-१८ च्या घरखर्चाच्या पाहणीचे आकडे तर सरकारनं प्रसिद्धच केले नाहीत. गरिबांवर आकडे उधळणारं सरकार स्वतःचे आकडे मात्र मुठीत झाकून ठेवतं.

मग २०२२-२३ ची पाहणी आली. ४०५ वस्तूंची यादी, आणि एका घरी तीन वेळा जायचं: एकदा खाण्यापिण्याचं विचारायला, एकदा साबण-वीज-फीचं, एकदा कपडे-फ्रिज-मोबाईलचं. म्हणजे गेटवर तीन वेळा क्रिकेट. शहरी घरांची वर्गवारी मोटारीवरून केली: दहा लाखांवरची गाडी, त्याहून स्वस्त गाडी आणि बिनगाडीची. नवी मुंबईत एवढ्यासाठी जिने चढायचं कारण नाही. सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं मागवा. पार्किंगच्या भांडणात कुणाची गाडी केवढी, कितव्या मजल्यावरच्याची आणि कर्जाचे हप्ते किती उरलेत, सगळं नोंदलेलं असतं.

त्या पाहणीत शहरी माणसाचा महिन्याचा खर्च सरासरी ६,४५९ रुपये निघाला. त्यातले साडेतीन टक्क्यांच्या वर थोडे धान्यावर, आणि साडेदहा टक्के पेयं आणि तयार खाण्यावर. गहू-तांदळाच्या जवळजवळ तिप्पट पैसे चहा-सरबत-वेफर्स-पार्सलात. आणि हे ज्यांनी दार उघडलं त्यांचं. श्रीमंत घरं हाती लागत नाहीत, लागली तर खर्च कमी सांगतात, ही अर्थशास्त्रज्ञांची जुनीच तक्रार आहे. त्या घरांचा खरा अहवाल रोज सकाळी सुक्या कचऱ्याच्या डब्यात पडतो: चपटे केलेले खोके, पिझ्झ्याचे डबे, आणि एका लिपस्टिकला गुंडाळलेला तीन हात बबलरॅप. तो वाचते फक्त कचरा उचलणारी बाई, आणि तिला कुणी पीएच.डी. देत नाही.

नवी मुंबईतल्याच नेरुळला मात्र अभ्यास झाला, विद्यापीठाला न विचारता. १९९९ मध्ये शेअर बाजारात मुरलेल्या राधाकिशन दमाणींनी तिथं अपना बाजारची फ्रँचायझी चालवली. अपना बाजार म्हणजे नायगावच्या कामगारांनी १९४८ साली उभं केलेलं सहकारी दुकान. ग्राहक हाच मालक, असा त्यामागचा विचार. दमाणींना तो धंदा काही पटला नाही. २००२ मध्ये पवईला डी-मार्ट उघडलं. नेरुळच्या गल्ल्यावर काय दिसलं हे ते सांगत नाहीत, मुळात ते बोलतच नाहीत. पण जागा शक्यतो स्वतःची, झगमगाट नाही, माल देणाऱ्याचे पैसे लवकर आणि भाव चार पैशांनी कमी, एवढं पाहिलं तरी मध्यमवर्गाचा अभ्यास पक्का झालेला कळतो. आपण तिथं डाळ आणायला जातो आणि बादली, डोअरमॅट, मोज्यांचे सहा जोड घेऊन येतो. वर 'वाचवले' म्हणतो.

सहकाराची आणखी एक रीत होती, अजून आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे गट करून महिन्याचं सामान पोचवते. यादी आधी भरायची. पेन हातात आलं की बाई उठून डबा हलवून पाहते: साबुदाणा अर्धा आहे, या खेपेला नको. ॲपवर डबा कुणी हलवत नाही. साबुदाणा संपायच्या आत 'पुन्हा मागवायचा का?' हे तेच विचारतं, आणि उपास परवा आहे हेही त्याला ठाऊक असतं.

दुकानदारांनी मोबाईल नंबरासाठी अडून बसू नये, असं ग्राहक खात्यानं मे २०२३ मध्ये बजावलं. बजावलं खरं, पण अडतो कोण? काउंटरवरच्या मुलीनं "नंबर, सर?" म्हणायचा अवकाश, सर दहा आकडे रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जातील असे सांगतात. तेलाचा खर्च सरकारला सांगताना ज्यांचं खाजगीपण दुखावतं तेच सर पॉइंट्स मिळणार म्हटल्यावर जन्मतारीख देतात, बायकोचा नंबर देतात, लग्नाची तारीख देतात. ती पुढे सरांच्या लक्षात राहत नाही. पण त्या दिवशी सकाळी सातला दुकानाचा मेसेज बरोबर येतो: शुभेच्छा, दहा टक्के सूट, किमान खरेदी दोन हजार.